परवडत नाही म्हणून प्रामाणिक?

अलीकडे एक नवाच युक्तिवाद वारंवार कानी पडू लागला आहे. संगीताच्या चोरीविषयी बोलणे निघाले की चांगली शिकलेली, चांगल्या हुद्द्यावरची माणसे हसून म्हणतात, "आता ती कटकट करतो कोण? महिन्याला शे-दोनशे रुपये टाकले की जगातली गाणी खिशात. शोधा, उतरवून घ्या, नावे नीट लावा, वर व्हायरस शिरला तर फोन दुरुस्तीला न्या. एवढा उपद्व्याप परवडत नाही." या बोलण्यात समाधान असते आणि थोडी फुशारकीही असते. आपण सुधारलो, आपण कायद्याने वागू लागलो, असा त्याचा सूर असतो.

माझा आक्षेप नेमका या सुराला आहे. चोरी परवडत नाही म्हणून ती सोडणाऱ्या माणसाला फार तर हिशेबी म्हणावे. प्रामाणिक म्हणण्याची घाई करू नये. शिवाय, आपण भरलेल्या पैशांतले किती पैसे आपण ज्याचे गाणे ऐकतो त्याच्या हाती पडतात, हे तो विचारीतही नाही. चोरी करावी की विकत घ्यावे या वादात दोन्ही बाजूंचे लोक आपापल्या सोयीचाच जमाखर्च मांडतात. त्या वहीत गाणाऱ्याचे, चाल बांधणाऱ्याचे, शब्द लिहिणाऱ्याचे खातेच नसते. ते खाते उघडावे, एवढ्यासाठी हा लेखप्रपंच.

प्रथम थोडा इतिहास पाहू, कारण त्यावाचून ही सोयीची महती कळणार नाही. आपल्या देशात संगीताची चोरी घरोघरी पोहोचली ती कॅसेटमुळे. फिलिप्स कंपनीने १९६३ साली कॅसेट जगापुढे आणली. आपल्याकडे तिचा खरा प्रसार झाला तो १९७० च्या दशकाच्या अखेरीस आणि पुढच्या दहा वर्षांत. आखातात नोकरीला गेलेली माणसे सुट्टीवर येताना टेपरेकॉर्डर घेऊन येऊ लागली आणि गावोगावी तो वाजू लागला. तोवर तबकड्यांचे राज्य होते आणि त्या राज्यात ग्रामोफोन कंपनीची, म्हणजे लोकांच्या तोंडी बसलेल्या एचएमव्हीची, जवळजवळ मक्तेदारी होती. तबकडी काढायला कारखाना लागे. कॅसेटची प्रत काढायला दोन यंत्रे आणि दुकानाचा एक कोपरा पुरे होई. गिऱ्हाईक यादी देई, दुकानदार रिकाम्या कॅसेटवर त्या यादीबरहुकूम गाणी भरून देई. मोठे चोर वेष्टणासकट संपूर्ण कॅसेटची नक्कल करीत. छायाचित्र धूसर, छपाई फिकी, आणि गीतकाराचे नाव बहुधा गाळलेले.

सरकार झोपले होते, असे म्हणता येणार नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९८४ साली दुरुस्ती होऊन शिक्षा वाढविण्यात आली. कमीत कमी ६ महिने व जास्तीत जास्त ३ वर्षे कैद, आणि ५० हजारांपासून २ लाखांपर्यंत दंड, अशी तरतूद आजही आहे. ध्वनिमुद्रिकेवर निर्मात्याचे नाव व पत्ता, हक्कधारकाचे नाव आणि प्रकाशनाचे वर्ष छापणे त्याच दुरुस्तीने बंधनकारक केले. तरीही चोरट्या कॅसेटचा धंदा थांबला नाही. त्याला खरा शह बसला तो अधिकृत कॅसेटच स्वस्त झाल्या तेव्हा. १९८३ साली सुरू झालेल्या सुपर कॅसेट्सने, म्हणजेच टी-सीरिजने, आणि तिच्या पाठोपाठ इतरांनी कमी किंमत आणि पानाच्या गादीपासून किराणा दुकानापर्यंत विक्री हा मार्ग धरला. खऱ्या आणि खोट्या कॅसेटच्या किमतीतले अंतर कमी झाले, तशी खोट्या कॅसेटची ओढही कमी झाली. म्हणजे गिऱ्हाईकाचे मन बदलले नव्हते. भाव बदलला होता.

पुढची पायरी एमपी-थ्रीची. गाण्याची फाईल लहान झाली. एका तबकडीवर दहाबारा गाण्यांच्या जागी शंभर-दीडशे मावू लागली आणि रेल्वे स्थानकाबाहेरच्या पथारीवर अवघ्या कारकिर्दी पंचवीस-तीस रुपयांना विकल्या जाऊ लागल्या. त्यानंतर मोबाइल आला. रिचार्ज मारून देणाऱ्या दुकानात मेमरी कार्ड पुढे केले की दहा-वीस रुपयांत 'गाणी भरून' मिळत. या शब्दप्रयोगातच सारे आले. पिठाच्या गिरणीत डबा भरावा तशी गाणी भरली जात होती. मात्र गिरणीवर जाणारा घरचे धान्य घेऊन जातो, आणि इथे धान्य परक्याच्या शेतातले होते.

पाश्चात्त्य देशांत याच सुमारास निराळ्या वाटेने तेच घडले. १९९९ साली अमेरिकेत नॅपस्टर ही सेवा सुरू झाली. कोणीही कोणाच्याही संगणकावरचे गाणे फुकट उतरवून घ्यावे, अशी ती सोय. न्यायालयाने २००१ मध्ये ती बंद पाडली. तिच्या जागी दुसऱ्या दहा उगवल्या. २००३ साली ॲपलने आयट्यून्सचे दुकान उघडून एक गाणे ९९ सेंटला विकायला काढले आणि माणसे पैसे देऊन गाणी घेऊ लागली. २००८ मध्ये स्वीडनमधून स्पॉटिफाय सुरू झाले. आपल्याकडे ते २०१९ च्या फेब्रुवारीत आले. त्याआधी २०१६ मध्ये जिओ आल्यामुळे इंटरनेट स्वस्त झालेच होते. आज जगभरच्या ध्वनिमुद्रित संगीताच्या उत्पन्नापैकी दोन तृतीयांशाहून अधिक हिस्सा अशा सेवांचा आहे. आपल्याकडचे आणखी एक उदाहरण बोलके आहे. जुन्या ग्रामोफोन कंपनीने, म्हणजे आजच्या सारेगामाने, २०१७ साली पाच हजार जुनी गाणी आधीच भरलेला 'कारवाँ' नावाचा रेडिओसारखा डबा काढला. त्यातली बहुतेक गाणी इंटरनेटवर फुकट ऐकता येत होती. तरीही मुलांनी आपल्या वृद्ध आईवडिलांसाठी हजारो रुपये मोजून तो घेतला, कारण बटण फिरविले की गाणे लागते.

या सगळ्यातून व्यापाऱ्यांनी जो धडा घ्यायचा तो घेतला: खरी वस्तू चोरीच्या वस्तूपेक्षा सोपी करा, लोक पैसे देतील. धंद्याच्या दृष्टीने हा धडा अचूक आहे. पण तो लोकांच्या सद्सद्विवेकाचे प्रशस्तिपत्र नव्हे. वाचकहो, सोयीवर उभा असलेला प्रामाणिकपणा सोय संपली की कोसळतो. भाडे वाढले, आवडीचे गाणे एका सेवेतून दुसरीकडे गेले, किंवा सेवाच बंद पडली, तर हीच माणसे काय करतील? ही केवळ कल्पना नव्हे. गूगलची प्ले म्युझिक ही सेवा २०२० साली बंद झाली. एअरटेलची विंक २०२४ साली गुंडाळली गेली. भाड्याच्या घरात राहणाऱ्याला घरमालक कधीही निघ म्हणू शकतो, तसे हे. अशा दिवशी यू-ट्यूबवरचे गाणे उपटून फाईल करून देणारी संकेतस्थळे आणि पैसे न भरता 'प्रीमियम' चालविणारी खोटी ॲप्स हाताशी असतातच. 'परवडते की नाही' एवढाच ज्याचा निकष आहे, त्याला तेव्हा अडविणारे काहीच उरत नाही.

आता चोरीच्या बाजूने जे युक्तिवाद केले जातात ते एकेक पाहू. ते सगळेच पोकळ नाहीत, म्हणून त्यांना उत्तर दिले पाहिजे.

पहिला युक्तिवाद असा की, प्रत काढल्याने मूळ वस्तू कमी होत नाही. शेजाऱ्याची कोंबडी नेली तर शेजाऱ्याकडे कोंबडी उरत नाही. गाणे नेले तर गाणे जागच्या जागी. हे ऐकायला बिनतोड वाटते. पण एसटीतून विनातिकीट जाणाराही म्हणू शकतो की, गाडी नाहीतरी पनवेलला जाणारच होती, माझ्या बसण्याने तिचे चाक झिजले नाही. आपण हे ऐकून घेत नाही, कारण गाडी चालते ती सगळ्यांच्या तिकिटांवर. गाण्याचेही तसेच आहे. स्टुडिओचे तास, ढोलकीवाला, तबलजी, व्हायोलिनवाला, संगीत-संयोजक, ध्वनिमुद्रण करणारा तंत्रज्ञ, आणि ज्या गळ्यामागे वीस वर्षांचा रियाज आहे तो गळा, या साऱ्यांचे मोल पहिल्या प्रतीतच खर्ची पडलेले असते. दुसरी प्रत फुकट निघते ती पहिलीचे पैसे कोणीतरी भरलेले असतात म्हणून.

दुसरा युक्तिवाद: मी नाहीतरी ते विकत घेणारच नव्हतो, मग त्यांचे नुकसान कसले? ज्याला एखादी वस्तू खरोखर नको असते तो ती तीन हजारांच्या संख्येने जमवून ठेवीत नाही. हवी आहे, पण किंमत द्यायची नाही, असा त्याचा सरळ अर्थ आहे.

तिसरा युक्तिवाद गरिबीचा. तो मी हसण्यावारी नेणार नाही. रोजंदारीवर जाणाऱ्या मजुराने मेमरी कार्डात गाणी भरून घेतली म्हणून त्याच्या पाठी पोलीस लावावेत, असे म्हणणारा मी नव्हे. परंतु आज गरिबालाही अधिकृतपणे ऐकण्याचे मार्ग मोकळे आहेत. १९५७ पासून विविध भारती आहेच. जाहिराती सोसल्या तर कैक सेवा पैशावाचून ऐकता येतात. आणि खरे सांगायचे तर गरिबीचे हे कारण पुढे करणारे आवाज क्वचितच गरिबाचे असतात. घरात ध्वनियंत्रणेवर साठ हजार रुपये खर्च करणारा माणूस गाण्याच्या शंभर रुपयांपाशी गरीब होतो, तेव्हा त्याच्या तोंडी मजुराचे नाव शोभत नाही.

चौथा युक्तिवाद सर्वांत वजनदार आहे. कंपन्याच कलावंतांना लुटतात. मग कंपन्यांना पैसे का द्यावेत? यातला पहिला भाग खोटा नाही, आणि त्याकडे मी पुढे येणारच आहे. पण निष्कर्ष पाहा. भाजी पिकविणाऱ्याला दलाल कमी भाव देतो, म्हणून बाजाराकडे निघालेला टेंपो लुटला तर शेतकऱ्याच्या घरात किती पैसे येतील? दलालाचे थोडे नुकसान होईल, लुटणाऱ्याच्या घरी फुकट वांगी शिजतील, आणि पुढच्या खेपेस दलाल ते नुकसान शेतकऱ्याच्याच भावातून वळते करून घेईल. लुबाडल्या गेलेल्याच्या नावाने केलेली दुसरी लूट ही न्यायाची मागणी ठरत नाही. चोरीला मनाई करणारी आज्ञा आपण लहानपणी पाठ केली, तिला 'मधला माणूस वाईट असेल तर चालेल' असे पोटकलम जोडलेले नव्हते.

मात्र एवढे सांगून थांबणे म्हणजे अर्धेच सत्य सांगणे होईल. कायदेशीर व्यवहार झाला म्हणजे न्याय झाला, हे समीकरणही तितकेच खोटे आहे, आणि आपल्या संगीताच्या इतिहासात त्याचे पुरावे जागोजाग आहेत. १९६० च्या दशकाच्या आरंभी लता मंगेशकर यांनी गायकांनाही रॉयल्टी मिळाली पाहिजे अशी मागणी केली. ठरलेले मानधन मिळाले की गायकाचा हक्क संपला, असे मोहम्मद रफी यांचे मत होते. या मतभेदापायी दोघे काही वर्षे एकत्र गायले नाहीत. दोघांच्याही सचोटीविषयी कोणी शंका घेतली नाही. प्रश्न होता तो कलावंताच्या श्रमाचे मोल एकदाच चुकते होते की ते गाणे कमावीत असेतोवर त्यातला वाटा त्याचा राहतो, हा. कायद्याने याचे उत्तर द्यायला फार वेळ घेतला. गायक-वादकांचा स्वतंत्र हक्क आपल्या कायद्यात आला तो १९९४ च्या दुरुस्तीने. गीतकार आणि संगीतकार यांनी रॉयल्टीतील आपला वाटा करारात लिहून दिला तरी तो त्यांच्याकडून हिरावता येणार नाही, अशी तरतूद व्हायला २०१२ साल उजाडले. राज्यसभेत त्यासाठी जावेद अख्तर यांनी जोरदार भाषण केले होते. तोपर्यंत कित्येक गीतकार आपल्याच गाण्यांच्या रौप्यमहोत्सवांकडे पाहुण्यासारखे पाहत म्हातारे झाले.

कॅसेटच्याच काळातील आणखी एक उदाहरण घ्या. मूळ गाणे प्रकाशित होऊन दोन वर्षे झाली की ठराविक रॉयल्टी भरून तेच गाणे दुसऱ्या गायकाकडून गाऊन घेण्याची मुभा तेव्हाच्या कायद्यात होती. त्या मुभेचा आधार घेऊन जुन्या गाण्यांच्या नव्या कॅसेटचे पीक आले. त्यातून काही नव्या गळ्यांना संधी मिळाली; रफींची गाणी गात सोनू निगम पुढे आले, हे त्याचे उदाहरण. पण मूळ गायकाच्या लोकप्रियतेवर चाललेल्या त्या व्यापारात मूळ गायकाला काहीच नव्हते. २०१२ च्या दुरुस्तीने ही मुदत पाच वर्षांची केली आणि अटी कडक केल्या. म्हणजे जे तीस वर्षे कायदेशीर होते ते न्याय्य नव्हते, असे खुद्द कायद्यानेच मागाहून मान्य केले.

आता आजच्या भाड्याच्या गाण्यांकडे वळू. आपण महिन्याचे पैसे भरतो तेव्हा आपली समजूत अशी असते की, आपण ज्यांची गाणी ऐकली त्यांच्यात ते वाटले जातील. बहुतेक मोठ्या सेवांत तसे होत नाही. सगळ्यांचे पैसे एका हंड्यात जमा होतात. सेवा आपला भाग काढून घेते. साधारण दोन तृतीयांश रक्कम हक्कधारकांसाठी उरते आणि ती एकूण ऐकण्याच्या प्रमाणात वाटली जाते. तुम्ही महिनाभर एकाच अनोळखी भजन-गायकाला ऐकले, तरी तुमच्या पैशांचा फार मोठा भाग जगातील सर्वाधिक ऐकल्या जाणाऱ्या गाण्यांच्या मालकांकडे जातो. २०२१ साली साउंडक्लाउड या सेवेने श्रोत्याचे पैसे त्याने ऐकलेल्यांनाच देण्याची पद्धत सुरू केली. म्हणजे तसे करणे अशक्य नाही. उलट स्पॉटिफायने २०२४ पासून नियम केला की, मागील १२ महिन्यांत जे गाणे १००० पेक्षा कमी वेळा वाजले त्याला काहीच मिळणार नाही.

हा नियम मुंबईच्या किंवा न्यूयॉर्कच्या मोठ्या गायकाला जाणवणारही नाही. तो जाणवतो आपल्याला, आणि इथेच हा विषय आपल्या उंबऱ्यात येतो. आपल्या किनारपट्टीवर कादोडी, वाडवळी, आगरी, कोळी अशा बोलींतून गाणी रचणारी, स्वतःच्या पदरचे पैसे घालून ती ध्वनिमुद्रित करणारी माणसे आहेत. मूठभर खेड्यांपलीकडे त्यांचा श्रोता नाही. समजा, अशा एका गायिकेने आपल्या बोलीतील आठ गाण्यांचा संच काढला. दोनशे कुटुंबांनी तो शंभर रुपये देऊन घेतला, तर तिच्या हाती २० हजार रुपये येतील. खर्च पुरता भरून निघणार नाही, पण पुढचा संच काढायची उमेद राहील. आता तीच दोनशे कुटुंबे तो संच भाड्याच्या सेवेवर ऐकतात असे धरा. प्रत्येक कुटुंबाने प्रत्येक गाणे वर्षातून चार वेळा ऐकले, तर एकेक गाणे ८०० वेळा वाजेल. वरच्या नियमाने तिला मिळणार शून्य. आणि तिसरी शक्यता, जी प्रत्यक्षात सर्वाधिक घडते: एका घराने संच घेतला आणि व्हॉट्सॲपवरून उरलेल्या १९९ घरांना पाठविला, "आपल्या माणसाचे गाणे आहे, जरूर ऐका" अशा कौतुकाच्या शब्दांसह. तिला मिळाले शंभर रुपये.

या हिशेबात शिस्तीने भाडे भरणारा श्रोता आणि व्हॉट्सॲपवर फाईल पुढे ढकलणारा श्रोता यांच्यात गायिकेच्या दृष्टीने काय फरक उरला? एक कायद्याने निर्दोष आहे, दुसरा नाही. पण तिचा डबा दोघांनीही रिकामाच परत पाठविला. म्हणून म्हणतो, 'चोरी परवडते की भाडे परवडते' हा प्रश्न आपण विचारीत बसलो तर आपल्या बोलीतले गाणे या प्रश्नाच्या दोन्ही उत्तरांत मरते. मोठ्या भाषांची गाणी चोरीतूनही जगली आणि भाड्यातूनही जगतील, कारण त्यांच्यामागे कोटींनी श्रोते आहेत. लहान बोलीच्या गाण्याला दोनशेच घरे असतात; त्या दोनशे घरांनी हात आखडला तर तिसरा आधार नाही.

या बाबतीत आपल्या मंडळींची एक सवय सांगितलीच पाहिजे. उपासनेत किंवा लग्नसमारंभात गाणे गायले, वाजविले तर कायदा त्याला हक्कभंग मानत नाही. ५२ व्या कलमात तशी स्पष्ट सूट आहे. ती रास्तच आहे. पण या सुटीचा अर्थ आपण सोयीने ताणतो. गाणे म्हणायला सूट आहे. गीतांचे पुस्तक एक विकत घेऊन त्याच्या चाळीस छायाप्रती काढायला नाही. गायनमंडळासाठी कोणी तरी परिश्रमाने तयार केलेला वाद्यसंगीताचा ट्रॅक एकाने घ्यावा आणि दहा गावांनी वाटून घ्यावा, हे सेवाभावाच्या नावाखाली खपते. मांडववाल्याचे, केटररचे, फटाक्यांचे पैसे आपण घासाघीस करून का होईना, देतो. चाल बांधणाऱ्याला मात्र "देवाचे काम आहे" असे सांगतो. देवाचे काम फुकट करायचे असेल तर ते स्वतःच्या खिशातून करावे. दुसऱ्याच्या खिशातून केलेल्या दानाला दान म्हणत नाहीत.

एका गोष्टीत मात्र मी प्रत काढणाऱ्यांच्या बाजूने उभा राहीन. जे संगीत कोठेच विकत मिळत नाही, ज्याची तबकडी कंपनीच्या कोठारात धूळ खात पडली आहे, त्याची प्रत एखाद्या संग्राहकाने जिवापाड जपली म्हणून ते आज ऐकायला मिळते, हे नाकारण्यात अर्थ नाही. मुंबईतील ऱ्हिदम हाऊससारखे दुकान २०१६ साली बंद झाले; जुने शोधून देणारी जाणती दुकाने आता बोटांवर मोजण्याइतकी उरली. शिवाय आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रिकेवरील हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षांनी संपतो. बालगंधर्वांच्या १९२०-३० च्या दशकांतील तबकड्यांवर आज कोणाची मालकी नाही; 'संगीत सौभद्र' किंवा 'संगीत शारदा' यांची पदेही सर्वांची झालेली आहेत. ती हवी तितकी वाटा, पुण्यच लागेल. परंतु हा मोकळेपणा मृतांच्या वारशाविषयी आहे. जो कलावंत आज हयात आहे, ज्याच्या मुलाची शाळेची फी या महिन्यात भरायची आहे, त्याच्या गाण्यापाशी हा युक्तिवाद घेऊन जाणे लबाडी होय.

मग करावे काय? भाड्याची सेवा सोडून द्या, असे मी म्हणत नाही. मोठ्या बाजाराचे संगीत ऐकायला ती बरी, आणि चोरीपेक्षा शतपटीने बरी. पण तिचे पैसे भरले म्हणजे आपले सारे देणे फिटले, ही समजूत टाकून द्या. ज्या कलावंताचे गाणे तुमच्या घरात वर्षभर वाजते, त्याचे निदान एक काम थेट त्याच्याकडून विकत घ्या. बँडकँपसारख्या ठिकाणी डिजिटल विक्रीतले साधारण १५ टक्के कापून उरलेले, व्यवहाराचा खर्च वजा जाता, कलावंताला मिळतात. आणि गावातल्या गायकाला पैसे पाठवायला तर तेवढेही कापून घेणारा कोणी नसतो, त्याचा मोबाइल क्रमांक पुरेसा असतो. व्हॉट्सॲपवर फाईल न पाठविता ते कोठे व कितीला मिळते हे पाठवा. कार्यक्रमात गाणे म्हणाल तेव्हा गीतकाराचे आणि संगीतकाराचे नाव घ्या. चोरट्या कॅसेटने सर्वांत आधी गाळले ते नावच होते. लग्नात वाजविणाऱ्याला, गाणाऱ्याला ठरलेले मानधन त्याच रात्री द्या, हळदीचा हिशेब होईपर्यंत थांबवून ठेवू नका. संस्थांनी वार्षिक अंदाजपत्रकात ध्वनिक्षेपकाच्या भाड्याची रक्कम असते तशी संगीत-खरेदीची एक ओळ घालावी. ती ओळ दोन हजारांची असली तरी चालेल. पण ती असली पाहिजे.

मजुराने दिवसभर राबून संध्याकाळी हात पुढे केला, तर "तुझ्याकडून काम करून घेणे परवडले की नाही याचा मी विचार करतो आहे" असे आपण त्याला सांगत नाही. काम झाले आहे, त्याचा उपभोग आपण घेतला आहे; उरतो तो फक्त मजुरीचा प्रश्न. गाण्याच्या बाबतीत आपण चाळीस वर्षे चोरीच्या आणि सोयीच्या गणितांत गुंतून राहिलो, आणि हात पुढे केलेला माणूस दारात तसाच उभा आहे. तो आपल्या बोलीत गातो. त्याला आपल्या घराचा पत्ता ठाऊक आहे, आणि आपल्यालाही त्याचा.